खच्ची बोकड आणि करडं: सुरुवातीला एवढं सांभाळा

हौसेनं पाळलेल्या खच्ची बोकडाला ना दूध द्यायचंय, ना बाजारासाठी वजन करायचंय. मग मका, गहू, भरडा कशाला? नवखे लोक इथेच चुकतात. लाडानं रोज ओंजळभर धान्य, वर शिळी भाकरी. धान्यात स्फुरद (फॉस्फरस) जास्त, कॅल्शियम कमी. त्यातून मुतखडा होतो, लघवी तुंबते आणि जनावर दगावतं. बोकड कुंथताना दिसला तर लगेच डॉक्टर गाठा, ओवा चारत बसू नका.

त्याला एवढं पुरे:
- शेवरी-बोरीचा पाला, कडबा, थोडं तुरीचं भुसकट. सुबाभूळ बेतानं.
- क्षारांची चाटणवीट, आणि दिवसभर स्वच्छ पाणी.

करडांचं गणित वेगळं. जन्मल्यापासून तासाभरात चीक, म्हणजे शेळी व्यायल्यावरचं पहिलं घट्ट दूध, पोटात गेलाच पाहिजे. पहिल्या दिवसभरात वजनाचा दहावा हिस्सा, म्हणजे 2 किलोच्या करडाला साधारण 200 मिली, विभागून. बाटलीचं दूध कोमट आणि थोडं थोडं. एकदम पोटभर पाजलंत की हगवण लागलीच समजा. दोन आठवड्यांनी कोवळा पाला तोंडाशी टांगा, दूध मात्र अडीच-तीन महिने चालू ठेवा. चारा बदलताना आठवडाभर जुन्यात नवा मिसळत जा.

खच्ची कधी करायचं, ते नंतर बोलू. आधी धान्याचा डबा उचलून ठेवा.