लाईट बिल भरलं का, आणि कोणी?

प्रश्न: ताई, आम्ही दोघंही नोकरीला, डोंबिवलीहून रोज लोकलने जाणं-येणं. गेल्या महिन्यात लाईट बिल मीपण भरलं आणि ह्यांनीपण भरलं, आणि सोसायटीचं मेंटेनन्स मात्र कोणीच नाही, मला वाटलं ते भरतील, त्यांना वाटलं मी भरेन, आता व्याज लागून आलंय. मोबाईलचा रिचार्ज तर कधी संपतो तेच कळत नाही. हिशोबाची दोन अ‍ॅप टाकून बघितली, आठवड्यात कंटाळा आला. सासूबाई म्हणतात आमच्या वेळी सगळं कॅलेंडरवर चालायचं. काय करू?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर: आधी लाईट बिलाचं सांगते, डबल भरलेले पैसे बुडत नाहीत हो. महावितरणच्या पुढच्या बिलात ते वजा होऊन येतात, बिल मायनसमध्ये दिसलं तर घाबरू नका. आणि हे होतं कसं, तर एकाने भरलं तरी दुसऱ्याच्या अ‍ॅपमध्ये एखाद-दोन दिवस तीच रक्कम बाकी म्हणून दिसत राहते, आपल्याला वाटतं राहिलंच वाटतं, की दाबलं बटण.

आता सासूबाईंचं. माझं मत विचाराल तर त्या बरोबर आहेत! तुमच्याकडे विसरभोळं कोणी नाहीये, फक्त एकाने केलेलं दुसऱ्याला दिसत नाही. अ‍ॅप एकाच्या फोनमध्ये असतं, कॅलेंडर ओट्याशेजारी लटकलेलं असतं आणि चहा ठेवताना दोघांनाही दिसतं. दुधाचे खाडे तुम्ही त्यावर मांडत असालच, त्याच चौकोनात बिलंपण घाला. बिल आलं की शेवटच्या तारखेच्या तीन दिवस आधीच्या चौकोनात 'लाईट' आणि कोणी भरायचं त्याचं पहिलं अक्षर. भरलं की त्यावर काट आणि बाजूला रक्कम. बास एवढंच. काट नसेल तर भरलेलं नाही, मग नवऱ्याने कितीही 'अगं मी केलं बहुतेक' म्हणू दे.

लाईट बिलावर एक गोष्ट बघून ठेवा, तिथे तीन आकडे असतात, अमुक तारखेपर्यंत भरलं तर थोडी कमी रक्कम, मग नेहमीची, आणि तारीख उलटल्यावरची जास्त. पहिल्या तारखेला भरलंत तर फार नाही पण थोडे रुपये वाचतात. मेंटेनन्सचं दुखणं मोठं, बऱ्याच सोसायट्या वर्षाला 21 टक्क्यांनी व्याज लावतात, म्हणजे 3000 थकले तर महिन्याला साडेबावन्न रुपये. त्यातून बिल तिमाही असेल तर विसरायला तीन महिने मोकळे मिळतात, म्हणून नवीन कॅलेंडर भिंतीवर लागलं की त्याच दिवशी मेंटेनन्स आणि घरपट्टीच्या तारखा वर्षभराच्या लिहून टाका.

रिचार्जची तुमची चूक नाहीच. तो बहुतेकदा महिन्याचा नसतो, 28 दिवसांचा असतो, म्हणून तारीख मागे मागे सरकते आणि वर्षात बारा नाही तेरा रिचार्ज होतात. 5 जानेवारीला केलात तर पुढचा 2 फेब्रुवारी, मग 2 मार्च, आणि 30 मार्चला परत! मार्चमध्येच पैसे कमी का पडतात ते कळलं ना. ज्यांना जमेल त्यांनी 84 दिवसांचा मारावा.

ऑटोपे लावावं का? ओटीटी वगैरेला लावा. पैसे कापायच्या 24 तास आधी मेसेज यायला हवा असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, फक्त तो मेसेज आपण न वाचताच सरकवतो. मी स्वतः दीड वर्ष एका अ‍ॅपचे पैसे भरत होते जे मुलाने एक मॅच बघायला घेतलं होतं.

प्रश्न: बाबा (वय 74) नागपूरला एकटे असतात, दहा वर्षांची बिलं फायलीत लावून ठेवलीत, टाकू देत नाहीत. परवा त्यांना 'आज रात्री साडेनऊला लाईट कापणार, या नंबरवर फोन करा' असा मेसेज आला, ते जाम घाबरले.
– एक वाचक, पुणे

उत्तर: तो मेसेज फसवणुकीचा, फोन अजिबात करायचा नाही. बिल थकलं तरी कनेक्शन तोडायच्या आधी 15 दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते, वीज कायदा 2003 मध्ये कलम 56 आहे त्यासाठी. कोणाच्या तरी साध्या मोबाईल नंबरवरून 'आज रात्री' असं काही नसतं. हे बाबांना मोठ्या अक्षरात लिहून फोनजवळ चिकटवून द्या.

फायलीबद्दल मात्र मी बाबांच्या बाजूने. त्याच कलमात आहे की दोन वर्षांपेक्षा जुनी थकबाकी, मधल्या बिलांत सलग दाखवलेली नसेल तर वसूल करता येत नाही. म्हणजे लाईट बिलाच्या निदान अडीच-तीन वर्षांच्या पावत्या हव्यातच, त्याआधीच्या गेल्या तरी चालतील. घरपट्टीच्या पावत्या मात्र एकही टाकू नका, घर विकताना किंवा नावावर करताना मागतात. आणि फायलीत मशीनमधून निघणाऱ्या त्या गुळगुळीत कागदाच्या पावत्या असतील तर आधी त्यांची झेरॉक्स काढा, त्यावरची शाई वर्षभरात उडते, बाबा जपून ठेवतायत तो कोरा कागदच निघायचा.