शत्रूलाही जीव प्यारा असतो

डंजन्स अँड ड्रॅगन्ससारख्या, फासे टाकून काल्पनिक पात्रे चालवायच्या खेळांतले जखमी आणि पळणारे लढवय्ये यांबद्दल वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांना या वेळी उत्तरे देतो आहे.

प्रश्न : मी डंजन्स अँड ड्रॅगन्सची पाचवी आवृत्ती चालवते. बारा गॉब्लिन (छोटे राक्षस) असले तर बाराही मरेपर्यंत लढतात. निकाल कधीच लागलेला असतो, तरी फासे पडतच राहतात. काय करू?

यावरचा उपाय या खेळात फार जुना आहे. १९८१च्या बेसिक संचात प्रत्येक राक्षसाला २ ते १२ असा धीराचा आकडा होता. एखाद्या बाजूचा पहिला गडी पडला की एकदा, निम्मे गारद झाले की पुन्हा, डीएमने (खेळ चालवणाऱ्याने) सहा बाजूंचे दोन फासे टाकायचे. बेरीज आकड्यापेक्षा जास्त आली की उरलेले पळ काढतात किंवा शरण येतात. दोन्ही वेळा टिकले तर मात्र शेवटपर्यंत लढतात.

गॉब्लिनांचा आकडा ७, पण त्यांचा राजा जिवंत असेपर्यंत ९. म्हणजे अवसान गळण्याची शक्यता ३६ पैकी १५ वरून थेट ६ वर येते. एवढ्यानेच खेळाडूंना कळते की आधी राजाला गाठायचे. सांगाडे आणि झोंबी यांचा आकडा १२. ते कधीच हटत नाहीत, आणि त्यांची भीती वाटते ती त्यामुळेच.

२०१४च्या डीएमसाठीच्या पुस्तकातही ऐच्छिक नियम आहे : विझडमचा (शहाणपणाच्या गुणाचा) बचाव, लक्ष्य १०; फासा आणि गुण मिळून १० झाले नाहीत तर शत्रू पळतो. मला तो पटत नाही. विझडम कमी म्हणून ओगरसारखा धिप्पाड राक्षस भित्रा ठरावा, हे कसे? जुना आकडा प्रत्येक टोळीचा स्वभाव वेगळा सांगतो. तोच घ्या, आणि हे फासे सगळ्यांसमोर टाका.

प्रश्न : आमचा फायटर (लढवय्या) एका लढाईत तीन-तीनदा बेशुद्ध पडतो आणि उठतो. पडण्याची कुणाला भीतीच उरलेली नाही. पडल्यावर थकव्याची एक पायरी (दर पायरीला पात्र आणखी कमजोर होते) लावावी का?

दुखणे नेमके ओळखले आहे तुम्ही. ‘हीलिंग वर्ड’ हा उपचाराचा मंत्र साठ फुटांवरून, बोनस ॲक्शनमध्ये (मुख्य कृतीशिवायच्या छोट्या कृतीत) होतो, आणि एका हिट पॉइंटवर (हे शून्य झाले की पात्र पडते) उठलेला माणूसही पूर्ण ताकदीने वार करतो. मग पडायच्या आधी कोण कशाला उपचार करील?

पण थकवा लावू नका. लाँग रेस्टने (रात्रभराच्या विश्रांतीने) एकच पायरी उतरते. सगळ्यांच्या पुढे उभा राहून मार खाणारा दिवसेंदिवस लंगडत राहतो, मागचा तिरंदाज ठणठणीत. जो धोका पत्करतो त्यालाच शिक्षा होते.

पाथफाइंडर या अशाच खेळाच्या २०१९च्या दुसऱ्या आवृत्तीतली युक्ती चांगली आहे : मरणाच्या दारातून परत आलेल्याला ‘जखमी’ची खूण मिळते आणि पुढच्या वेळी तो मरणाच्या तितका जवळ जाऊन पडतो. पाचव्या आवृत्तीत हे करायला एकच ओळ पुरते. फसलेले डेथ सेव्ह (पडलेल्याने जगण्यासाठी टाकायचे फासे; तीन फसले की मरण) शुद्धीवर आल्यावर पुसायचे नाहीत, शॉर्ट रेस्टनंतर (तासाभराच्या विश्रांतीनंतर) पुसायचे. उठलेला माणूस पूर्ण जोमाने लढतो, मात्र दोन सेव्ह फसलेल्याला पुन्हा पडू द्यायला कोणीच तयार नसते. उपचार आपोआप आधी होऊ लागतात.

प्रश्न : निम्मे हिट पॉइंट गेले की हल्ल्याच्या फाशावर उणे दोन, असा नियम कसा वाटतो?

नको. जो मागे पडला तो आणखी मागे पडतो, आणि लढाई पहिल्या दोन फेऱ्यांतच ठरते. १९७७च्या ट्रॅव्हलर या अंतराळातल्या साहसांच्या खेळात मार थेट ताकद, चपळाई आणि दमावर बसतो. तिथे ते शोभते, कारण त्या खेळात शहाणी माणसे गोळीबार टाळतात. तुमच्याकडे दर सत्रात लढाई असेल, तर कायमची इजा खेळाडूच्या निवडीवर सोडा : तिसरा डेथ सेव्ह फसला की मरण घ्यायचे, की डोळा किंवा हात गमावून जगायचे.

प्रश्न : खेळाडूंच्या पात्रांसाठीही धीराचे फासे टाकावेत का?

कधीच नाही. पळायचे की थांबायचे, हा निर्णय खेळाडूचा. भाडोत्री सोबत्यांसाठी मात्र जरूर टाका. १९८१च्या नियमांत त्यांचा धीर मालकाच्या करिश्म्यावर (प्रभाव पाडण्याच्या गुणावर) ठरतो : साधारण माणसाकडे ७, करिश्मा १८ असेल तर १०.

प्रश्न : शरण आलेल्यांना माझे खेळाडू मारून टाकतात. पळालेल्यांचा पाठलाग करून त्यांनाही मारतात.

आधी एक्सपी (पात्राला वर नेणारे अनुभवाचे गुण) कशाचे देता ते तपासा. मेलेल्यांचेच मिळत असतील तर खेळाडू नियमाप्रमाणेच वागत आहेत. पळालेल्या आणि शरण आलेल्या शत्रूचेही पूर्ण एक्सपी द्या, आणि हे सत्राच्या सुरुवातीलाच सांगा. मग कैद्याला किंमत येऊ द्या : त्याला पुढचा सापळा ठाऊक असावा, त्याच्या बदल्यात टोळीने वाट सोडावी. कैदी दर वेळी दगाच देत असेल तर खेळाडू त्याला जिवंत ठेवणार नाहीत, म्हणून निदान पहिल्या काही जणांना शब्द पाळू द्या. आणि शरण आलेल्यांना कापल्याची बातमी पसरली, तर पुढच्या टोळीचा धीराचा आकडा दोनाने वाढवा.