सहाव्या आठवड्यात पुन्हा कात्री धरायची, की एफडीला हात लावायचा?

नाशिकहून एका ताईंनी लिहिलं आहे. वय ३९, स्वतःचं ब्यूटी पार्लर, हाताखाली दोन मुली. उजव्या हाताच्या थोरॅसिक आउटलेट सिंड्रोमसाठी, म्हणजे मान आणि खांद्यामधल्या अरुंद जागेत हाताच्या नसा दाबल्या जाण्याच्या त्रासासाठी, तीन आठवड्यांपूर्वी शस्त्रक्रिया झाली: पहिली बरगडी काढली, मानेतला स्केलीन स्नायू सोडवला, नसा मोकळ्या केल्या. सर्जन म्हणतात, बारा आठवडे हात खांद्याच्या वर धरून काम करायचं नाही. घरी दोन मतं आहेत. यजमान म्हणतात, ३ लाखांचं पर्सनल लोन काढू. सासूबाई म्हणतात, एफडी मोडा. ताईंना वाटतं, सहाव्या आठवड्यापासून अर्धा दिवस जाऊन केस कापायला सुरुवात करावी. त्यातच ओळखीच्या एका बाईंनी सगळं पार्लर अडीच लाखांत मागितलं आहे.

ताई, माझं मत आधी सांगतो. सहाव्या आठवड्यात कात्री धरू नका, पार्लर विकू नका, पर्सनल लोन काढू नका. एफडीही मोडायची नाही, तिच्यावर कर्ज घ्यायचं. आता तुमच्याच आकड्यांवरून कारणं बघू.

पार्लरची महिन्याची उलाढाल १,१०,००० रुपये. त्यातले ६५,००० तुमच्या हातचे, म्हणजे कट, कलर आणि ब्लो-ड्राय. उरलेले ४५,००० मुली करतात त्या वॅक्सिंग, फेशियल, थ्रेडिंगचे. भाडं १८,०००, दोघींचे पगार २६,०००, माल १६,०००, वीज ५,०००, मुद्रा कर्जाचा हप्ता ९,५००. तुमच्या हाती ३५,५०० राहतात आणि त्यातले २२,००० घरात जातात.

तुम्ही खुर्चीमागे उभ्या नसाल तेव्हा गल्ल्यात ४५,००० येतील. खर्च थोडा उतरेल, कारण माल ७,००० आणि वीज ४,००० धरली, तरी एकूण ६४,५०० लागतीलच. दुकानाची तूट १९,५०० आणि घरचे २२,००० मिळून महिन्याला ४१,५०० कमी पडतात. या आकड्याने तुम्ही घाबरला आहात, आणि ते साहजिक आहे. पण लवकर कामावर जाऊन त्यातलं भरून किती निघतं, ते पाहू.

सहाव्या ते बाराव्या आठवड्यापर्यंत, म्हणजे दीड महिना, अर्धा दिवस काम केलंत तर तुमच्या हातचं निम्मं काम होईल. मालाचा खर्च वजा जाता महिन्याला साधारण २८,०००, दीड महिन्याचे ४२,०००. याच काळात आठवड्यातून तीन दिवस कमिशनवर हेअर ड्रेसर बोलावलीत तर? तिने महिन्याला ३०,०००चं काम केलं, ४० टक्के म्हणजे १२,००० तिला दिले, ४,०००चा माल गेला, तर तुमच्याकडे १४,००० राहतात. दीड महिन्याचे २१,०००. तेव्हा स्वतः लवकर उभं राहून होणारी खरी जादा कमाई २१,०००ची आहे.

उलट बाजूने, हात पुन्हा बिघडून पूर्ण ताकदीने परतणं एक महिना जरी लांबलं, तरी तुमच्या हातचं ५६,०००चं उत्पन्न बुडतं. कमिशनवालीचे १४,००० वजा केले तरी नुकसान ४२,०००. आणि असा बिघाड एका महिन्यात आवरेलच असं नाही. शस्त्रक्रियेच्या जागी व्रणाची ऊती तयार होत असते. याच दिवसांत मान वाकडी आणि हात उंच धरून तासन्‌तास काम झालं की मानेचे व छातीचे स्नायू आखडतात, नसा चिडतात, मुंग्या परत येतात. नसांभोवती घट्ट व्रण धरला आणि पुन्हा शस्त्रक्रिया करायची वेळ आली, तर ती पहिलीपेक्षा अवघड असते आणि तिच्या निकालाची खात्रीही कमी. २१,०००साठी हा धोका घ्यायचा नाही.

आत्ता बरं वाटतंय यावर भरवसा ठेवू नका. त्यात गोळ्यांचा वाटा असतो. ज्या तंतूंना इजा झाली आहे ते दिवसाला साधारण १ मिलिमीटर या वेगाने भरतात, म्हणून बोटांतला बधिरपणा काही महिने रेंगाळू शकतो. तेवढ्यावरून शस्त्रक्रिया फसली असं समजू नका आणि घाईने दुकान विकायचा निर्णयही घेऊ नका.

पूर्ण विश्रांती मात्र मी सांगत नाही. खांदा हलवलाच नाही तर तो आखडतो. फिजिओथेरपिस्टने दिलेल्या हालचाली, पोटाने श्वास घेण्याचा सराव, नसा सरकत्या ठेवणारे व्यायाम हे सगळं रोज करायचं. टाळायचं ते ओझं आणि उंच धरून ठेवलेला हात. ब्लो-ड्रायमध्ये नेमकं हेच होतं: एका हातात ड्रायर, दुसऱ्यात ब्रश, दोन्ही कोपरं वर, तेही वीस-वीस मिनिटं. म्हणून ते काम सगळ्यात शेवटी सुरू करा. सातव्या-आठव्या आठवड्यापासून सर्जनची हरकत नसेल तर दुकानात बसा, बिलिंग करा, गिऱ्हाइकांशी बोला, कलरचं प्रमाण ठरवून द्या, मुलींना शिकवा. बाराव्या आठवड्यानंतर दिवसाला दोन कट, मध्ये तासाभराची मोकळीक. गिऱ्हाइकाचं डोकं तुमच्या कोपराच्या पातळीला येईल अशी खाली होणारी खुर्ची आणि तुमच्यासाठी बसून कापायचं चाकांचं स्टूल, यासाठी १५,००० बाजूला काढा. हा खर्च टाळू नका. ज्या उंचीवर काम करून हात दुखावला, त्याच उंचीवर परत जायचं नाही.

घरकामाचाही हिशेब हवा. दुकान बंद म्हणजे बाईला विश्रांती मिळाली असं आपल्याकडे होत नाही. कणीक तिंबणं, भरलेला कुकर उचलणं, ओल्या कपड्यांची बादली, वरच्या फळीवरचा डबा, हे सगळं त्याच खांद्यावर येतं. पोळ्या आणि वरकामासाठी तीन महिने बाई लावा. महिन्याला ४,००० धरले तर १२,०००. दुकानाच्या भाड्याइतकाच हा खर्च आवश्यक आहे, आणि तो मागताना संकोच करू नका.

आता एकूण रक्कम. पहिल्या महिन्यात कमिशनवाली मिळेपर्यंत ४१,५००. पुढचे तीन महिने, तिचे १४,००० वजा जाता, २७,५०० प्रमाणे ८२,५००. फिजिओथेरपी आठवड्याला तीनदा, १२ आठवडे, ६०० रुपयांप्रमाणे २१,६००. खुर्ची-स्टूल १५,०००, घरची बाई १२,०००. बेरीज १,७२,६००. यात चारही महिने तुमच्या हातची कमाई मी शून्य धरली आहे. बाराव्या आठवड्यानंतर काहीतरी येईलच, पण ते आलं तर बरं, त्यावर विसंबायचं नाही. बचत खात्यातल्या ४०,००० पैकी २५,००० अजिबात काढू नका. अचानक धाप लागली किंवा हात सुजून निळसर झाला तर त्याच क्षणी दवाखाना गाठायचा असतो, तेव्हा पैशांसाठी फोन करत बसायला नको. उरलेले १५,००० वापरले की साधारण १,५८,००० उभे करायचे राहतात.

तुमची ४ लाखांची एफडी ७ टक्क्यांची, २२ महिने झालेले, १४ बाकी. ती मोडली तर बँका सहसा १ टक्क्यापर्यंत दंड लावतात. २२ महिन्यांवर हा दंड ७,३०० रुपयांच्या आसपास जातो, शिवाय झालेल्या काळाचा दर कमी असेल तर तोही फरक बसतो. त्याऐवजी त्याच एफडीवर २ लाखांची ओव्हरड्राफ्टची सोय घ्या. दर सहसा एफडीच्या दरावर १ ते २ टक्के असतो. दीड टक्का धरू, म्हणजे साडेआठ. एफडी ७ टक्के कमावतच राहते, त्यामुळे निव्वळ बोजा दीड टक्क्याचा. १,६०,००० पूर्ण १४ महिने वापरले तरी तो सुमारे २,८०० होतो. व्याज उचललेल्या रकमेवर, उचललेल्या दिवसांपुरतंच लागत असल्याने प्रत्यक्षात आणखी कमी. दर महिन्याला लागेल तेवढंच काढा. दोन लाख एकदम खात्यात घेतले की ते उडतात.

पर्सनल लोनशी तुलना करा. ३ लाख, १४ टक्के, ३ वर्षं: हप्ता सुमारे १०,२५० आणि एकूण व्याज ६९,०००. हप्ता पहिल्याच महिन्यापासून, नेमका तूट असताना. यजमानांचा हेतू चांगला आहे, पण त्यांच्या ४२,००० पगारातून १४,००० घराच्या हप्त्याला जातात. त्यावर हा दुसरा हप्ता चढवू नये. पीपीएफला हात लावू नका. तुमचं ८० ग्रॅम सोनं ही दुसरी फळी आहे. ओव्हरड्राफ्ट संपला आणि हात अजून तयार नसेल, तरच बँकेत सोनेतारण करा. विकायचं नाही. मुद्राचा हप्ता चुकवू नका, ओव्हरड्राफ्टमधून भरा. ९,५०० थकवून पतनोंदीवर डाग पाडून घेण्यापेक्षा त्यावर साडेआठ टक्के देणं स्वस्त.

विम्याकडे या आठवड्यातच लक्ष द्या. बिल २,९०,०००, मिळाले २,३५,०००, कापले ५५,०००. तुमच्या पॉलिसीत खोलीभाड्याची मर्यादा दिवसाला ५,००० आणि तुम्ही ७,०००च्या खोलीत चार दिवस होतात. खोलीतला फरक फक्त ८,०००. बाकीची कपात त्याच प्रमाणात, म्हणजे सातातले दोन भाग, इतर खर्चावर लावलेली दिसते. अशी प्रमाणशीर कपात डॉक्टरांची फी, शस्त्रक्रियागृह अशा खर्चांवर लागू शकते. औषधं व वापरून टाकायचं साहित्य, शरीरात बसवलेली उपकरणं आणि तपासण्या यांवर ती लावता येत नाही, आयसीयूच्या खर्चावरही नाही. कंपनीकडून कपातीचा तपशील ओळीओळीने लेखी मागवा आणि या रकमा तपासा. चूक सापडली तर आधी कंपनीच्या तक्रार विभागाला लिहा. महिन्याभरात उत्तर आलं नाही किंवा नकार आला, तर विमा लोकपालाकडे विनामूल्य दाद मागता येते.

डिस्चार्जनंतरच्या ६० दिवसांचा खर्चही तुमच्या पॉलिसीत आहे. आज १८ दिवस झालेत. उरलेल्या ४२ दिवसांत फिजिओथेरपीच्या १८ फेऱ्या होतील, म्हणजे १०,८००, शिवाय औषधं आणि तपासणीच्या भेटी. त्यासाठी सर्जनच्या सहीची चिठ्ठी हवी. तिच्यात आजाराचं नाव, फिजिओथेरपी का आणि किती फेऱ्या, हे स्पष्ट असावं. प्रत्येक बिलावर तारीख आणि थेरपिस्टचा नोंदणी क्रमांक. सगळ्या फेऱ्यांचं शेवटी एकच ठोक बिल घेतलं की दावा अडकतो. कागदपत्रं बहुतेक पॉलिसींत ६० दिवस संपल्यापासून १५ दिवसांत द्यावी लागतात. तुमची मुदत पॉलिसीत वाचून कॅलेंडरवर लिहून ठेवा.

विमा संपला की एकसष्टाव्या दिवशी अनेक जण फिजिओथेरपी सोडतात. ताई, तेव्हा शस्त्रक्रियेला नुकतेच नऊ आठवडे झालेले असतात आणि ताकद वाढवायचे व्यायाम साधारण त्याच सुमारास सुरू होतात. उरलेल्या १८ फेऱ्यांचे १०,८०० स्वतःच्या खिशातून द्यायचे, म्हणूनच ते वरच्या हिशेबात धरले आहेत.

पॉलिसीचं नूतनीकरण दोन महिन्यांवर आहे, ते मुदतीआधी करा. वार्षिक हप्ता भरायला मुदतीनंतर ३० दिवस जादा मिळत असले तरी त्या मधल्या दिवसांत संरक्षण नसतं. दावा घेतला म्हणून कंपनी नूतनीकरण नाकारू शकत नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्याच्या हप्त्यावर जीएसटी नाही, तेव्हा मागच्या वर्षीच्या पावतीशी रक्कम ताडून पाहा. डाव्या हातालाही अधूनमधून मुंग्या येतात असं तुम्ही लिहिलंय. या वर्षीचे विम्याचे २,६५,००० शिल्लक आहेत, नूतनीकरणानंतर पुन्हा पूर्ण ५ लाख मिळतील. डाव्या बाजूची शस्त्रक्रिया लागलीच आणि डॉक्टर थांबू शकतो म्हणाले, तर ती नूतनीकरणानंतर घ्या. विमा रक्कम वाढवणार असाल तर वाढीव भागाला प्रतीक्षा काळ (ज्या काळात ठरावीक आजारांचा दावा मिळत नाही) नव्याने लागतो, हे धरून चाला. अपघात विम्यातून आठवड्याची भरपाई मिळेल का, असंही विचारलंय. तुमचा त्रास वर्षानुवर्षांच्या कामातून झालेला आहे, अपघातातून नाही, त्यामुळे तिथे वेळ घालवू नका.

राहता राहिला विक्रीचा प्रस्ताव. मुद्राचे १,४०,००० बाकी आहेत आणि खुर्च्या-यंत्रं त्याच कर्जाला तारण आहेत. अडीच लाखांतून ते फेडलं की हाती १,१०,०००, म्हणजे तुमची जेमतेम तीन महिन्यांची कमाई. आणि जागामालकाकडचं तुमचं १ लाखाचं डिपॉझिट त्या अडीच लाखांत धरलंय का, हे त्यांना स्पष्ट विचारा. धरलं असेल तर उरतात १०,०००. बांधलेली गिऱ्हाइकं या भावात कुणाला देऊ नका. त्या बाईंना खरंच रस असेल तर एक खुर्ची भाड्याने द्या.

विकायचा विचार केव्हा करायचा, तेही सांगून ठेवतो. शस्त्रक्रियेला नऊ महिने झाले, फिजिओथेरपी नीट झाली आणि तरीही तुमच्या हातचं काम महिन्याला ३०,०००च्या वर जात नसेल, तर कमिशनवालीला कायम करून तुम्ही फक्त दुकान चालवायचं, किंवा तेव्हा विकायचं. तोवरचे सगळे महिन्याचे आकडे वहीत असतील, तर खरेदीदारासमोर भाव तुम्ही सांगाल.

सोमवारी बँकेत जाताना एफडीची पावती आणि पॅन न्या. पर्स डाव्या खांद्यावर, आणि जाणं रिक्षाने. सर्जन हो म्हणेपर्यंत स्कूटर चालवायची नाही.