साहेबांच्या तारखेसाठी हुरडा थांबत नाही

दादा, तुम्ही लिहिलंय की येळवशीनंतरच्या (मार्गशीर्ष अमावस्येनंतरच्या) रविवारी गावातल्या साठ-सत्तर म्हाताऱ्या माणसांना शेतात हुरडा खाऊ घालायचं ठरलंय. एका कार्यालयानं मंडप-खुर्च्यांचा शब्द दिलाय, पण साहेबांची तारीख मिळेपर्यंत थांबा म्हणायलेत. तर थांबावं का?

नका थांबू. खुर्च्या भाड्यानं आणा, वर्गणी काढा, नाहीतर सतरंज्यांवर बसवा, पण थांबू नका. आम्ही थांबलो होतो.

आमचं लातूरकडचं गाव. २०२४ ला येळवस उशिरा आली, ११ जानेवारीला, कारण आदल्या वर्षी अधिक श्रावण होता. (त्याच वर्षी दुसरी येळवस ३० डिसेंबरला आली, म्हणजे एका वर्षात दोन.) आम्ही लगेचचा रविवार धरला, १४ जानेवारी. त्या दिवशी भोगी होती, म्हणून आज्यांनी जरा कुरकुर केली. मग त्याच म्हणाल्या, भोगीची भाजी अन् तिळाची भाकरी शेतातच करू की. सगळं जुळलं होतं. शेतमालकानं ज्वारीचा फड दाखवला, दाणा चिकातून नुकता हुरड्यात येत होता, नखानं दाबला की मऊ लागायचा.

तेवढ्यात एका कार्यालयातून निरोप आला. कोणतं ते विचारू नका, सांगणार नाही. ‘मंडप, खुर्च्या, पाण्याचा टँकर सगळं आमच्याकडून, फक्त साहेब येणार, तारीख आम्ही कळवू.’ आम्हाला खर्च वाचल्याचा आनंद. पत्र दिलं, मग कार्यक्रमपत्रिका दिली, मग तीच पत्रिका साहेबांचं नाव वर घेऊन परत दिली. २६ जानेवारी झाल्याशिवाय वेळ नाही म्हणाले, अखेर २८ ची तारीख मिळाली. आमच्यातलं कुणी बोललं नाही की मधल्या चौदा दिवसांत दाण्याचं काय होईल. सगळी शेतकऱ्यांची पोरं, तरी कुणी नाही! ही चूक कार्यालयाची नाही, आमचीच.

हुरड्याच्या अवस्थेत एक फड आठ-दहा दिवस राहतो. ऊन तापलं किंवा जमीन हलकी असली तर त्याहून कमी. २८ ला आगटीतून, म्हणजे गोवऱ्यांच्या विस्तवातून, कणसं काढून चोळली तर निम्मे दाणे निबर, कडक झालेले. ज्यांच्या तोंडात चार दात उरलेत त्यांच्यापुढं आम्ही ज्वारीच्या गारगोट्या ठेवल्या. एक आजी काही बोलल्या नाहीत, दाणे पदराला बांधले अन् म्हणाल्या, घरी नेऊन दळते.

पण खरी धडकी त्याच्या आधी भरली. माणसं दहाला येऊन बसली. कार्यालयाचा माणूस म्हणे, साहेब आल्याशिवाय वाढू नका, फोटो काढायचाय. अकरा वाजले, साडेबारा वाजले. मंडप आला होता अर्धा, टँकर आलाच नाही. दीडच्या सुमाराला आमच्या गल्लीतले एक तात्या घामानं भिजले, हात थरथरायला लागले, भलतंच बोलायला लागले. सकाळी घरून इन्सुलिन टोचून निघाले होते, अकराला जेवण आहे या हिशोबानं. नशीब, त्यांच्या सुनेच्या लक्षात आलं. शुद्धीवर होते म्हणून गुळाचं पाणी पाजता आलं, पंधरा-वीस मिनिटांत सावरले. मी डॉक्टर नाही, तुमच्या गावातल्या डॉक्टरला आधी विचारून ठेवा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काही घालायचं नसतं, तिथं सरळ १०८ ला फोन. पण ज्यांना साखर आहे त्यांची यादी आदल्या दिवशी करा, आणि जेवणाची वेळ सांगितली असेल तर ती पाळा. सांगितलेल्या वेळेवर ही माणसं गोळ्या-इंजेक्शनं घेतात.

साहेब तीनला आले, सात मिनिटं थांबले. सोफा नाही म्हणून त्यांच्या माणसाचं तोंड वाकडं. असो, या विषयावर मी जास्त लिहिलं की घरचे म्हणतात, परत सुरू झालं याचं.

पुढच्या वर्षी आम्ही कुठल्याच साहेबाला बोलावलं नाही. तारीख शेतमालकाला ठरवायला सांगितली, त्यानं चार दिवस आधी कळवलं. निरोप द्यायला चार दिवस पुरतात, म्हातारी माणसं कुठं जाणार असतात? शेजारच्या गावातल्या बहिणी-मेहुण्यांनाही बोलावलं. पंचाहत्तरच्या पुढच्यांना एसटी फुकट आहे, पासष्टच्या पुढं अर्धं तिकीट. फक्त परतीची गाडी किती वाजता ते तुम्ही बघा, त्यांच्यावर सोडू नका.

तुमच्याकडं बालाघाटाच्या माळावर जमीन हलकी, तिथं कदाचित आमच्याहून लवकर निबर होईल, तेव्हा माझे दिवस मोजू नका, दाणा दाबून बघा. पुढच्या वर्षाचा विचार असेल तर एखाद्याला खास हुरड्याचं बी पेरायला सांगा. सुरती, गूळभेंडी मिळाली तर उत्तम, परभणीच्या विद्यापीठाचं परभणी वसंत आहे. नेहमीच्या मालदांडी ज्वारीचाही हुरडा होतो, पण एकदा सुरती खाल्लेला माणूस नावं ठेवतो. दोन तुकडे आठ-दहा दिवसांच्या अंतरानं पेरले तर तारीख हुकली तरी जीव भांड्यात.

चोळायला गावातल्या जाणत्या बाया मजुरी देऊन लावा. आमच्या कॉलेजच्या पोरांनी हौसेनं कणसं धरली अन् दहा मिनिटांत तळहात भाजून बसले. दाण्यावरची कूस (टरफलं) सुपानं नीट पाखडून घ्या, म्हाताऱ्यांच्या घशात अडकते. दातांची अडचण असणाऱ्यांसाठी थोडा हुरडा जाडसर वाटून थालीपीठं लावा, त्यावर लोणी. वर ताक द्या. हुरड्यावर पाणी पिऊ नये असं आमच्याकडं मानतात, खरं-खोटं माहीत नाही, ताक मात्र सगळ्यांना आवडतं. दमेकऱ्यांना वाऱ्याच्या वरच्या अंगाला बसवा, गोवऱ्यांचा धूर वाईट.

बायकांसाठी आडोशाची सोय जवळ हवी, हे कुणी यादीत लिहीत नाही. ती नसली की आज्या सकाळपासून पाणीच पीत नाहीत, अन् उन्हात बसतात.

आणि आगटीपाशी म्हाताऱ्यांनाच बसू द्या. पहिल्या वर्षी आम्ही त्यांना पाहुण्यासारखं रांगेत बसवलं होतं. दुसऱ्या वर्षी दोन आजोबांनी स्वतःच पोरांना बाजूला सारलं, विस्तवावर राख कितपत चढलीय ते बघून कणसं खोचली, अन् तासभर कुणाला हात लावू दिला नाही.

कणसं सकाळीच तोडा बरं का. आदल्या रात्री पोत्यात भरून ठेवली की तापतात आणि गोडी जाते.