सदाफुली खाऊन शुगर उतरते का?

प्रश्न: आईला शुगर आहे, वय ६२. कुणीतरी तिला सांगितलं सदाफुलीची पाच फुलं रोज उपाशीपोटी चावून खा, महिना झाला खातेय, गोळ्यापण चालू आहेत. काही त्रास नाही ना होणार? आणि दारातल्या लाल जास्वंदीचा चहा बीपीला चालतो का? खरचटल्यावर झेंडू लावावा का?

उत्तर: आधी आईंचं सदाफुली खाणं आजच थांबवा, बाकीचं सावकाश वाचा.

सदाफुली औषधी आहे हे शंभर टक्के खरं, पण कशावर ते बघा. १९५२ मध्ये कॅनडातले संशोधक रॉबर्ट नोबल यांच्याकडे, जमैकाहून त्यांच्या डॉक्टर भावाला पाकिटातून आलेली हिची २५ पानं पोचली, तिकडे लोक मधुमेहावर हिचा काढा घ्यायचे म्हणून त्यांनी तपासायला घेतली. उंदरांना पोटातून दिली तर शुगर जागची हलली नाही, मग अर्क टोचला तर शुगर तशीच पण रक्तातल्या पांढऱ्या पेशी धडाधड उतरल्या आणि उंदीर इन्फेक्शनने गेले. त्यातूनच विन्ब्लास्टिन हे कॅन्सरचं औषध सापडलं, पुढे विन्क्रिस्टिन, जे लहान मुलांच्या ब्लड कॅन्सरमध्ये आजही देतात. पण ते शिरेतून, डोस मोजून, सारखं रक्त तपासत. घरी पाच फुलांत काय किती गेलं हे कोण मोजणार? माझा जीव खरंच कासावीस होतो असं काही ऐकलं की. डॉक्टरांना न लाजता सगळं सांगा, सीबीसी (रक्तपेशींची तपासणी) आणि शुगर करून घ्या, आणि गोळ्या मनाने बंद करू नका.

जास्वंदीचं म्हणाल तर इथे नावाचा घोळ आहे. बीपीसाठी ज्या हिबिस्कस चहाचे प्रयोग झालेत तो लाल अंबाडीच्या बोंडांवरच्या जाड आंबट लाल आवरणाचा, आपल्या दारातल्या जास्वंदीचा नाही, दोन्ही हिबिस्कसच म्हणून लोक एकच समजतात. अंबाडीच्या चहाने बीपी थोडं उतरतं, पण गोळी चालू असेल तर विचारूनच घ्या, गरोदरपणात दोन्ही नकोत. दारातल्या जास्वंदीची पानं-फुलं पाण्यात चुरगळली की जो बुळबुळीत चीक सुटतो ना, तो केसांना लावा, केस मऊ होतात, मात्र टकलावर नवीन केस येतील ही आशा नको.

झेंडूचंही तसंच. जखमेच्या मलमात असतो तो कॅलेंडुला, झेंडूसारखं दिसणारं दुसरंच फूल, आपला झेंडू वेगळा, झेंडूचा रस लावून उन्हात गेलात तर उलट आग होऊ शकते. साध्या खरचटण्याला स्वच्छ पाणी आणि साबण पुरे.