वाचकांचे प्रश्न : सत्रभर पुरणारे उपक्रम

प्रश्न : बेळगाव जिल्ह्यातील खानापूर तालुक्याच्या पश्चिम भागातील एका सरकारी मराठी प्राथमिक शाळेत मी तिसरी आणि चौथीचे वर्ग एकत्र शिकवते. गेल्या वर्षी दर आठवड्याला एक नवा उपक्रम घेतला. कागदी टोप्या झाल्या, भेंडीचे ठसे झाले, ज्वालामुखीही उसळला. पण सत्राअखेरीस मुलांच्या हाती काय उरले, हे मलाच सांगता येईना. शिवाय साहित्याला पैसे नाहीत आणि पालक म्हणतात की शाळेत नुसता खेळ चालतो. जूनपासून दसऱ्याच्या सुट्टीपर्यंत काय योजावे?

उत्तर : बाई, आपण उपक्रम कमी केले नाहीत, उलट जास्त केले. रोज पाच मिनिटांचे, पण महिनोन्महिने चालणारे आणि वहीत आकडा मागे ठेवणारे काम दर आठवड्याच्या नव्या कौतुकापेक्षा अधिक शिकवते, असे माझे मत आहे. अशी दोन-तीन कामे सत्राला पुरतात.

आपल्या भागात पहिले काम पावसाचेच असावे. दोन लिटरची सरळ भिंतींची प्लास्टिकची बाटली घ्यावी, ती जिथे निमुळती होऊ लागते तिथे कापावी आणि कापलेला गळा उलटा करून नरसाळ्यासारखा आत बसवावा. बाटलीचा तळ खोलगट-उंचवट्याचा असल्याने त्यात खडे घालून सरळ भिंत सुरू होईपर्यंत पाणी भरावे, तिथे शून्याची खूण करावी आणि वर मिलिमीटरची पट्टी चिकटवावी. लहान बाटली घेऊ नये, कारण आपल्या तालुक्यातील कणकुंबीच्या बाजूला जुलैत एका दिवसात शंभर मिलिमीटरहून अधिक पाऊस पडणे काही नवलाचे नाही. मी स्वतः पहिल्या वर्षी बाटली वर्गाच्या भिंतीलगत ठेवली होती, तेव्हा कौलांच्या पागोळ्या तिच्यात पडून आमच्या गावात चेरापुंजी अवतरली. ती उघड्यावर, झाड आणि छप्पर यांपासून दूर ठेवावी. नोंद रोज एकाच वेळी घ्यावी, पाण्याच्या पातळीला डोळा आणून वाचावी आणि बाटली पुन्हा शून्याच्या खुणेवर आणावी. रविवारी कोणी नसते, म्हणून सोमवारचा आकडा दोन दिवसांचा आहे असे वहीत स्पष्ट लिहू द्यावे. प्रामाणिक नोंद म्हणजे काय, हे मुलांना त्यातून कळते.

खरे गणित पुढे आहे. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला, तर ते पाणी बरोबर एक लिटर भरते. वर्गाच्या छपराखालची जमीन चौथीच्या मुलांकडून टेपने मोजून घ्यावी. ती दहा मीटर लांब आणि सहा मीटर रुंद निघाली आणि त्या दिवशी चाळीस मिलिमीटर पाऊस झाला असेल, तर छपरावरून २,४०० लिटर पाणी वाहून गेले, म्हणजे दहा लिटरच्या २४० बादल्या. उन्हाळ्यात घरी पाणी भरणारी मुले हा आकडा सहसा विसरत नाहीत. वहीत पावसाच्या रकान्यावर कानडी शब्दही लिहावा. ‘मळे’ म्हणजे कानडीत पाऊस आणि मराठीत बागायती शेते, हे कळल्यावर जो हशा पिकतो, त्यात तो शब्द कायमचा पाठ होतो.

भाताच्या उगवणीचे काम छोटे आहे, पण ते शाळा उघडताच घ्यावे. धूळवाफ पेरणीतून, म्हणजे पावसाआधी कोरड्या मातीत केलेल्या पेरणीतून, उरलेले बी पालकांकडून मागवावे, प्रत्येक घरचे शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळावेत आणि आठवड्याने कोंब फुटलेले मोजावेत. शंभरांतले किती, हीच टक्केवारीची पहिली ओळख. तो आकडा घरी गेला की नुसत्या खेळाची तक्रार बहुधा तिथेच थांबते, कारण शेतकऱ्याला बियाण्याची उगवण ठाऊक हवीच असते. गणेश चतुर्थीच्या सुमारास मातीचे काम आपोआप येते. तेव्हा ओल्या मातीच्या पट्टीवर दहा सेंटीमीटरची रेघ ओढून ती वाळल्यावर पुन्हा मोजावी, एवढे पुरे.

सप्टेंबरात ऊन पडू लागले की अंगणात एक मीटरची काठी ओळंबा लावून उभी रोवावी. आपल्याकडे सूर्य माथ्यावर घड्याळाच्या बाराला येत नाही, तर साडेबाराच्या आसपास येतो. म्हणून सव्वाबारा ते पाऊण दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाला खडा ठेवावा आणि सर्वांत आखूड सावली मोजावी. २३ सप्टेंबरच्या सुमारास ती जवळजवळ २८ सेंटीमीटर भरेल. मात्र दसऱ्याच्या सुट्टीत काठी कोणी उपटणार नाही याची व्यवस्था करावी, कारण दुसऱ्या सत्रात २२ डिसेंबरला त्याच काठीची सावली ८१ सेंटीमीटरच्या जवळपास मिळायला हवी. ती का लांबली, हा प्रश्न तोवर मुलांनीच विचारलेला असेल.