केबल काढण्याआधी महिनाभर वही लिहा

तुमचं म्हणणं मला असं समजलं: बिल दर वर्षी फुगतंय, निम्मी चॅनेल कुणी लावतही नाही, टीव्ही जुना आहे (स्मार्ट नाही, पण मागे एचडीएमआय आहे), सासूबाईंना दिवसभर मालिका आणि बातम्या लागतात, नवऱ्याला सामने. केबल काढून तीन-चार ॲप घेतली तर स्वस्त पडेल का?

एकदम घेतलीत तर नाही पडणार. मी केबल सोडून सहा वर्षं झाली, आणि पहिल्या वर्षी माझा खर्च केबलपेक्षा जास्तच झाला. उत्साहाच्या भरात चार वर्गण्या घेतल्या. त्यातली एक 'पहिला महिना मोफत' म्हणून घेतलेली, जी पुढे आठ महिने कार्डातून गुपचूप पैसे कापत राहिली. त्यावर आम्ही एकच चित्रपट पाहिला होता, तोही अर्धा.

म्हणून आधी वही. टीव्हीखालच्या कप्प्यात ठेवा, पेन्सिल दोऱ्याने बांधा, नाहीतर दुसऱ्या दिवशी गायब होते. कोणी, काय, किती वेळ बघितलं, आणि शेवटचा रकाना महत्त्वाचा: बसून बघितलं की नुसता चालू होता? आमच्या वहीत महिन्याअखेर अकराच चॅनेल निघाली. त्यातही आईच्या 'बातम्या' म्हणजे काम करताना कानावर पडणारा माणसांचा आवाज, हे तेव्हा कळलं. हा 'नुसता चालू' प्रकार कुठून पुरवायचा, यावर तुमची सगळी बचत ठरते.

का, ते हिशेबात बघा. नेटफ्लिक्स फुल एचडीसाठी 5 एमबीपीएस (सेकंदाला 5 मेगाबिट, म्हणजे इंटरनेटचा वेग) आणि फोर-केसाठी 15 एमबीपीएस वेग असावा असं सांगतं. 5 एमबीपीएसने व्हिडिओ सलग येत राहिला तर तासाला सव्वादोन जीबी. सासूबाईंचा टीव्ही रोज सहा तास चालत असेल तर दिवसाला साडेतेरा, महिन्याला 400 जीबी. प्रत्यक्षात थोडं कमी जातं, कारण प्रवाह कायम त्या वेगाने वाहत नाही. पण इंटरनेटला डेटाची मर्यादा असेल तर एवढ्यानेही कंबरडं मोडतं. जे कुणी धड बघतही नाही, ते इंटरनेटवरून आणायचंच कशाला?

ते अँटेनावर टाका. लोक हसतात, पण केबलचा जन्मच अँटेनातून झाला: 1948 च्या सुमारास अमेरिकेत, डोंगराआडच्या गावांना सिग्नल मिळेना म्हणून उंचावर एक सामायिक अँटेना लावून तिथून घरोघर तार ओढली गेली. तुमचं घर डोंगराआड नसेल तर मधल्या तारेची गरजच नाही. आता बऱ्याच देशांत हे प्रसारण डिजिटल आहे (नेदरलँड्सने 2006 मध्येच ॲनालॉग पूर्ण बंद केलं, अमेरिकेने मोठी केंद्रं 2009 मध्ये, ब्रिटनने 2012 मध्ये), त्यामुळे जुन्या टीव्हीत तुमच्याकडच्या पद्धतीचा डिजिटल ट्यूनर आहे का ते बघा. नसेल तर छोटा कन्व्हर्टर बॉक्स लागतो. आणि हवेतून मोफत काय मिळतं ते देशागणिक वेगळं, काही ठिकाणी दोनच चॅनेल. तिथे मोफत उपग्रह वाहिन्यांची डिश परवडते.

अँटेना लावताना एक लक्षात ठेवा. पूर्वी सिग्नल कमी पडला की मुंग्या यायच्या, तरी चेहरे ओळखू यायचे. डिजिटलला मुंग्या नाहीत. चित्र एक तर लख्ख, नाहीतर चौकोन चौकोन होऊन ठप्प. मी अँटेना टीव्हीमागे लपवला तेव्हा शोधात एकही चॅनेल सापडलं नाही. तोच लांब तारेने खिडकीत, लोखंडी जाळीपासून हातभर बाजूला, टॉवरच्या दिशेला ठेवला आणि सात लागली. जागा बदलली की दर वेळी चॅनेल नव्याने शोधायची. लगेच ॲम्प्लिफायर घेऊ नका. तो सिग्नलबरोबर गोंगाटही वाढवतो, आणि टॉवर जवळ असेल तर ट्यूनर गुदमरतो.

सासूबाईंच्या नेमक्या मालिका मात्र मोफत प्रसारणात नसतील. कोणत्या वाहिनीवरच्या आहेत ते वहीत लिहिलेलं असेलच. बहुतेक वाहिन्यांचं स्वतःचं ॲप असतं. तेवढं एक घ्या, आणि ते त्यांचंच समजा.

त्यासाठी स्मार्ट टीव्ही नको. एचडीएमआयमध्ये स्टिक (टीव्हीवर ॲप चालवणारं छोटं उपकरण) लावली की काम होतं. ती नामांकितच घ्या. अनोळखी स्वस्त बॉक्सना अनेकदा ॲपवरचा कॉपीपासून संरक्षित व्हिडिओ एचडीत दाखवायचं प्रमाणपत्र नसतं, मग तुम्ही एचडीचे पैसे भरता आणि पडद्यावर धूसर चित्र बघता. 'हजारो चॅनेल आयुष्यभर मोफत' वाला बॉक्स तर घरात आणूच नका. ती चोरी आहे, आणि तो आतून तुमच्या वायफायवर काय उद्योग करतो ते तुम्हाला दिसत नाही.

बाकी वर्गण्या एका वेळी एकच, वार्षिक नाही, मासिक. घेतली त्याच दिवशी रद्द करा. पैसे भरलेला महिना संपेपर्यंत बहुतेक सेवा बघू देतात. मोफत चाचणीत मात्र काही ठिकाणी रद्द करताच पडदा पडतो, तेवढं वाचून घ्या. बघायचं संपलं की दुसरी. मालिका कुठे पळून जात नाहीत. मित्राच्या पासवर्डवर गणित मांडू नका, नेटफ्लिक्सने 2023 पासून ती वाट बरीच बंद केली आहे.

सामन्यांचं सगळ्यात अवघड. प्रसारणाचे हक्क स्पर्धेगणिक वेगवेगळ्यांकडे, त्यामुळे एका ॲपवर सगळं मिळत नाही. शिवाय इंटरनेटवरचं थेट प्रक्षेपण बऱ्याचदा अर्धा मिनिट मागे असतं: शेजारी ओरडतात, मग आपल्याला कळतं काय झालं ते. वर्षात एक-दोन स्पर्धाच बघत असतील तर तेवढ्या महिन्यांपुरती वर्गणी घ्या. पण वहीत रोज संध्याकाळी वेगवेगळे सामने दिसत असतील, तर सरळ केबलच ठेवा आणि पॅक लहान करून घ्या. तिथे मी केबल सोडायला सांगणार नाही.

इंटरनेट आणि केबल एकाच बिलात असेल तर आधी विचारा, केबल काढल्यावर नुसत्या इंटरनेटचा दर काय? कधीकधी बचत तिथेच गडप होते. आणि केबलचा बॉक्स परत करताना त्याच्या क्रमांकाचा फोटो आणि पावती, दोन्ही घ्या. माझ्याकडे 'बॉक्स जमा नाही' म्हणून दोन महिन्यांनी बिल आलं होतं, पावतीने वाचलो.

शेवटी रिमोट. केबल बंद करण्याआधी दोन आठवडे दोन्ही चालू ठेवा, म्हणजे सासूबाईंना हात बसेल. आईच्या रिमोटवर मी चालू-बंद, आवाज आणि चॅनेल सोडून बाकी सगळ्या बटणांवर चिकटपट्टी लावली होती. चौथ्या दिवशी तिने आवाज बंद करायच्या बटणावरची पट्टी नखाने काढून टाकली. जाहिरातींसाठी.